अपुऱ्या विचारांचें दप्तर

कोणत्याहि व्यवसायांतील जाणत्या माणसाच्या ज्ञानाचे दोन भाग असतात. एक भाग पुरा झालेला, घासूनपुसून तयार केलेला. तो पुस्तकांत जातो, परीक्षेंत विचारला जातो आणि शिष्यांना पाठ करावयास मिळतो. दुसरा भाग अपुरा असतो. त्यांत शंका असतात, अर्धवट सुचलेल्या युक्त्या असतात, फसलेले प्रयोग असतात, आणि ‘हें असें कां होतें?’ हा मनांत घोळत राहिलेला प्रश्न असतो. वैद्य घ्या, शिक्षक घ्या, गणिती घ्या. त्याची खरी वाढ या दुसऱ्या भागांत होत असते. परंतु हा भाग बहुधा ज्याचा त्याच्याजवळच राहतो, आणि त्याच्याबरोबरच नाहींसा होतो.

हा अपुरा भाग समव्यवसायी लोकांपुढें मांडावा, त्यांनीं त्यावर बोलावें, आणि त्यांतून मांडणारा व ऐकणारा असे दोघेहि शिकावेत, ही कल्पना आज आपणांस नवी वाटते. कारण ब्लॉग आणि समाजमाध्यमें हीं तिचीं साधनें नवीं आहेत. वस्तुतः ती कल्पना ३५० वर्षांहून जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला म्हणजे असें ध्यानांत येतें कीं, साधन कोणतेंहि असो, अडचण नेहमीं एकच होती, आणि ती म्हणजे भीति. आपला कच्चा विचार उघडा केला तर लोक हंसतील, ही एक भीति. आणि तो कोणी उचलून नेईल, ही दुसरी. या दोन भीतींवर माणसांनीं कोणते उपाय योजले, आणि ते कितपत लागू पडले, तेंच आज सांगावयाचें आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभीं दुसऱ्या भीतीचा अंमल फार होता. १६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बिणींतून शनि पाहिला, तेव्हां त्याच्या दोन्ही अंगांस कांहीं तरी असल्यासारखें त्याला दिसलें. तीं शनीचीं कडीं होतीं हें त्याला उमगलें नाहीं. शनि हा तीन गोलांचा मिळून झालेला आहे, असा त्यानें तर्क केला. तर्क अजून पक्का नव्हता. पण तोंवर दुसऱ्या कोणी तीच गोष्ट जाहीर केली तर पहिलेपणाचा मान जावयाचा. मग त्यानें आपला शोध एका लॅटिन वाक्यांत लिहिला, त्यांतील ३७ अक्षरें उलटसुलट केलीं, आणि तो निरर्थक अक्षरसमूह परिचितांकडे धाडून दिला. पुढेंमागें कोणी हक्क सांगितलाच तर अक्षरें जुळवून दाखवितां यावीं, एवढाच हेतु! तें कोडें केप्लरच्या हातीं गेलें. त्यानें पुष्कळ खटपट केली, आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा भलताच अर्थ त्यांतून काढला. गंमत अशी कीं, मंगळाला दोन चंद्र खरोखरच आहेत. परंतु ते सांपडले १८७७ सालीं.

पुढें १६७६ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानेंहि हीच युक्ति केली. स्प्रिंगला जितका ताण द्यावा तितक्या प्रमाणांत ती वाढते, हा त्याचा प्रसिद्ध नियम आज शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. तो त्यानें प्रथम अक्षरांच्या कोड्यांत छापला, आणि त्याचा उलगडा केला १६७८ सालीं. म्हणजे दोन वर्षें एक सत्य छापील कागदावर होतें, आणि तरीहि कोणालाच तें वाचतां येत नव्हतें. हूक कांहीं क्षुद्र मनाचा माणूस म्हणून हें झालें असें नव्हे. विचार उघडा करूनहि त्याचें श्रेय आपल्याकडे राहील, अशी खात्री देणारी व्यवस्था जगांत नुकतीच कोठें रुजूं लागली होती, आणि तिच्यावर सर्वांचा विश्वास बसला नव्हता.

या व्यवस्थेचा पाया पत्रव्यवहारांत आहे. पॅरिसमधील एका मठांत मॅरें मर्सेन नांवाचा यति राहत असे. त्याचा काळ १५८८ ते १६४८. मर्सेन स्वतः गणिती होता. परंतु त्याचें मोठें काम म्हणजे दुसऱ्यांना लिहितें करणें. देकार्तची शंका फर्माकडे धाडावी, फर्माचा प्रश्न आणखी कोणाकडे पोंचवावा, उत्तर आलें कीं तें चौघांना कळवावें, असा त्याचा उद्योग अखंड चाले. तो वारला तेव्हां मठांतील त्याच्या खोलींत ७८ निरनिराळ्या माणसांचीं पत्रें सांपडलीं. त्या पत्रांत सिद्ध झालेलें जितकें आहे, तितकेंच सिद्ध न झालेलेंहि आहे. एका माणसाच्या खोलींतून युरोपांतील विद्वानांचें बोलणें चालत होतें; तो गेला आणि तें मधलें ठाणेंच उठलें.

मर्सेननें जें खासगी रीतीनें केलें, त्याला सार्वजनिक रूप देण्याचें श्रेय हेन्री ओल्डेनबर्ग याचें आहे. हा मूळचा जर्मनींतील ब्रेमेनचा. लंडनमध्यें रॉयल सोसायटीची स्थापना झाल्यावर तो तिचा चिटणीस झाला, आणि ६ मार्च १६६५ रोजीं त्यानें ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. खर्च त्याचा, जोखीम त्याची. आणि पैसा त्यांतून त्याला फारसा कधींच मिळाला नाहीं. परंतु त्यानें केलेली योजना दूरदर्शीपणाची होती. पत्र आलें कीं त्याची सोसायटीच्या दप्तरीं नोंद व्हावी. योग्य वाटल्यास तें छापावें. म्हणजे अमुक माणसानें अमुक गोष्ट अमुक दिवशीं सांगितली याला पुरावा राहील. हूकनें कोड्यांत शोधलेलें संरक्षण ओल्डेनबर्ग एका साध्या तारखेनें देऊं पाहत होता. विचार लपवून जें साधावयाचें, तेंच तो उघडा करून साधूं लागलें.

याची किंमत त्यानें स्वतः मोजली. १६६७ सालीं इंग्लंड आणि हॉलंड यांचें युद्ध चालू होतें. परदेशीयांशीं एवढा पत्रव्यवहार ठेवणारा मनुष्य संशयास पात्र ठरला, आणि त्याला लंडनच्या टॉवरमध्यें सुमारें दोन महिने बंदींत काढावे लागले. सुटल्यावर त्यानें तोच उद्योग पुढें चालविला. परदेशांतून त्याला येणाऱ्या पुष्कळशा पत्रांवर ‘ग्रुबेंडोल’ असें नांव असे. तें ओल्डेनबर्ग याच नांवाचीं अक्षरें फिरवून केलेलें होतें! कोडीं सोडून देण्यास जगाला शिकविणाऱ्या माणसाचें टपाल कोड्याच्या नांवानें यावें, हा योग मोठा मजेचा आहे.

ही योजना कोणाच्या उपयोगीं पडली, हेंहि पाहण्यासारखें आहे. डेल्फ्ट गांवीं आंतोनी व्हान लेव्हेनहुक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याला लॅटिन येत नव्हतें. त्याचें विद्यापीठांत शिक्षण झालेलें नव्हतें. परंतु भिंगें घासण्याचा त्याचा हात असामान्य होता. १६७३ पासून तो आपल्या डच भाषेंत सोसायटीला पत्रें लिहूं लागला. आज काय पाहिलें, कसें पाहिलें, काय समजलें नाहीं, अशा घरगुती भाषेंतील त्या नोंदी होत्या. १६७६ सालच्या पत्रांत त्यानें पाण्याच्या थेंबांत वळवळणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचें वर्णन केलें. लंडनच्या विद्वानांचा त्यावर विश्वास बसेना. परंतु त्यांनीं त्याला हंसून वाटेला लावलें नाहीं. प्रयोग पुन्हां करून पाहिला, आणि १६७७ सालीं हूकनेंच त्या जीवांचें अस्तित्व सर्वांना भिंगांतून दाखविलें. १७२३ सालीं मरण येईपर्यंत लेव्हेनहुक लिहीत राहिला. जंतुशास्त्राचा आरंभ असा एका दुकानदाराच्या पत्रांतून झाला.

यापुढील इतिहास उलट दिशेनें गेला. नियतकालिकें वाढलीं, मोठीं झालीं, आणि सभ्यहि झालीं. पत्राची जागा निबंधानें घेतली. निबंधांत चुकलेली वाट दाखवावयाची नाहीं, शंका शक्यतों आणावयाची नाहीं, आणि लेखकाला जणूं आरंभापासूनच सर्व ठाऊक होतें असा बाणा ठेवावयाचा, अशी रीत पडली. १९६३ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी पीटर मेडावर यांनीं बी. बी. सी. वरून एक भाषण केलें. शास्त्रीय निबंध ही एक लबाडी आहे काय, असा त्या भाषणाचा प्रश्न होता. निबंधांतील माहिती खोटी असते असें त्यांचें म्हणणें नव्हतें. शोध ज्या विचारक्रमानें लागतो तो क्रम निबंध झांकून टाकतो, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंतील डोनाल्ड शोन यांनीं वास्तुशिल्पी, मानसचिकित्सक, अभियंते अशा व्यावसायिकांच्या कामाचें निरीक्षण करून एक ग्रंथ लिहिला. कुशल माणूस काम करतां करतांच आपल्या कामावर विचार करीत असतो, आणि शाळेंत शिकलेल्या नियमांपेक्षां हा चालता विचारच त्याला अडचणींतून वाट काढून देतो, असें त्यांनीं दाखविलें. प्रश्न एवढाच उरला कीं हा विचार लिहावा कोठें आणि कोणासाठीं? निबंधांत त्याला जागा नव्हती, आणि खासगी रोजनिशींत त्याला उत्तर देणारा कोणी नव्हता.

ती जागा इंटरनेटनें दिली. १९९७ सालच्या डिसेंबरांत जॉर्न बार्जर या अमेरिकन गृहस्थानें इंटरनेटवरील आपल्या नोंदींना ‘वेब्लॉग’ हें नांव दिलें. ‘लॉग’ म्हणजे जहाजावरची नोंदवही. १९९९ सालीं पीटर मरहोल्झ यांनीं थट्टेनें त्या शब्दाचे तुकडे पाडले, आणि ‘ब्लॉग’ हा आंखूड शब्द मागें उरला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली, आणि यंत्राचें ज्ञान नसलेल्या माणसालाहि आपलें लिखाण घटकाभरांत जगापुढें ठेवतां येऊं लागलें. तारीख आपोआप पडे. खालीं वाचकांना उत्तर लिहिण्यास जागा असे. तारीख आणि उत्तर! ओल्डेनबर्गच्या योजनेंतील हींच दोन मुख्य अंगें होतीं. त्यांत अवधीचा फरक मात्र फार मोठा पडला: डेल्फ्टहून लंडनला पत्र पोंचून उत्तर येण्यास आठवडे लागत, येथें मिनिटें पुरतात.

या साधनाचें सामर्थ्य किती, याची कसोटी २००९ सालीं लागली. केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांना १९९८ सालीं फील्ड्स पदक मिळालेलें होतें. म्हणजे गमावण्याजोगा लौकिक त्यांच्यापाशीं भरपूर होता. जानेवारीच्या अखेरीस त्यांनीं आपल्या ब्लॉगवर असें विचारलें कीं, पुष्कळ गणिती एकत्र येऊन, सर्वांच्या देखत, एखादा कठीण प्रश्न सोडवूं शकतील काय? त्यांनीं प्रश्नहि निवडला. त्याचें स्वरूप फुल्ली-गोळ्याच्या खेळावरून थोडें कळेल. फळीचीं परिमाणें वाढवीत नेलीं, तर एकूण घरांचा कितीहि लहान, पण ठराविक अंश व्यापला तरी, पुरेशा मोठ्या फळीवर कोठें ना कोठें सरळ रेषा साधल्यावांचून राहत नाहीं. हा सिद्धांत फर्स्टेनबर्ग आणि काट्झनेल्सन यांनीं १९९१ सालीं सिद्ध केला होता. पण त्यांची वाट दुसऱ्याच शास्त्रांतून फिरून आलेली होती. सरळ, प्राथमिक स्वरूपाची सिद्धता हवी होती.

गॉवर्स यांनीं जे नियम घालून दिले, त्यांतच या प्रयोगाचें मर्म आहे. प्रत्येकानें एका वेळीं एकच लहानसा विचार मांडावा. तो कच्चा असला तरी चालेल. चुकीचा निघाला तरी हरकत नाहीं. कोणी कोपऱ्यांत बसून दिवसचे दिवस एकटाच गणित करूं नये. बोलणें सभ्य असावें. आणि जें निष्पन्न होईल तें सर्वांच्या मिळून एका नांवानें छापावें. पाहा, दोन्ही भीतींवर येथें इलाज आहे. चुकण्याला परवानगी दिल्यामुळें हंसें होण्याचें भय गेलें. आणि प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचें नांव व वेळ असल्यामुळें चोरीचें भय गेलें.

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशीं काम सुरू झालें. प्रथम कांहीं तास सारें शांत होतें. मग कॅनडांतील एका विद्यापीठाच्या गणित्यानें पहिली सूचना मांडली. त्यानंतर पाव तासानें लिहिणारा मनुष्य अमेरिकेच्या अरिझोना राज्यांतील एक शाळामास्तर होता. आणि त्याच्या मागून तीन मिनिटांनीं लिहिणारे होते टेरेन्स टाओ, २००६ सालचे फील्ड्स पदकविजेते. पुढील ३७ दिवसांत २७ माणसांनीं मिळून सुमारें ८०० नोंदी लिहिल्या. त्यांचे शब्द सुमारें १ लक्ष ७० हजार भरले. एवढ्या काळांत गाभ्याचा प्रश्न सुटला. सिद्धता ‘डी. एच. जे. पॉलिमाथ’ या सामुदायिक नांवानें तयार झाली, आणि २०१२ सालीं ती गणितांतील अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पण तिच्यापेक्षांहि त्या ८०० नोंदी मोलाच्या आहेत. मोठे गणिती कसे अडखळतात, कोठें चुकतात, चूक दाखविली असतां ती कशी मान्य करतात, हें तरुण विद्यार्थ्यांना तेथें ओळीओळीनें वाचावयास मिळालें. मेडावर ज्याच्या अभावाबद्दल बोलत होते, तोच हा विचारक्रम.

अरिझोनाच्या मास्तरांचा उल्लेख निघाला म्हणजे आपल्याकडील एका मास्तरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेंत शिकवीत. संख्यांच्या अजब गुणधर्मांचा त्यांना छंद होता. ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांचें नांव आहे. परंतु हयातीचीं पुष्कळ वर्षें त्यांनीं आपले शोध लहानसहान नियतकालिकांतून आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां बाहेरच्या जगाला ते ठाऊक झाले. तेव्हां कापरेकर सत्तरीला आले होते. देवळालीहून लिहिलेल्या ओळीला पाव तासांत उत्तर मिळतें, तर त्यांची विद्या आणखी कोणत्या वाटेनें गेली असती, हें आतां कोण सांगणार?

या साधनाची थोरवी गातांना त्याची मर्यादा लपविणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. २०१३ सालीं यितांग झांग या तोंवर अप्रसिद्ध असलेल्या प्राध्यापकांनीं मूळ संख्यांविषयीं एक थोर सिद्धांत सिद्ध केला: ज्यांच्यामधील अंतर ७ कोटींपेक्षां कमी आहे, अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. टाओ यांच्या पुढाकारानें पॉलिमाथ मंडळी कामाला लागली, आणि थोड्याच महिन्यांत तें अंतर ४,६८० वर आलें. परंतु त्यानंतरची मोठी उडी त्या मंडळींनीं घेतली नाहीं. जेम्स मेनार्ड या, नुकतेंच शिक्षण पुरें केलेल्या तरुणानें एकट्यानें काम करून, निराळ्या रीतीनें, तें अंतर ६०० वर आणलें. मग त्या रीतीवर पुन्हां सर्वांनीं मिळून मेहनत केली, आणि २०१४ सालीं तें २४६ झालें. मूळ सिद्धांत एकट्याचा, मोठी उडी एकट्याची, आणि दोन्ही वेळां मजल वाढविली ती मंडळींनीं. एकांत आणि संवाद या दोहोंचेंहि काम निरनिराळें आहे, एवढेंच यावरून समजावें. शिवाय पॉलिमाथचे सगळेच प्रकल्प तडीस गेले नाहींत. आणि नोकरीच्या शोधांत असलेल्या तरुणाला सामुदायिक नांवाच्या निबंधांतील आपला वांटा दाखविणें सोपें नसतें. गॉवर्स यांच्यासारख्यांना जें औदार्य परवडतें, तें उमेदवाराला परवडेलच असें नाहीं.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती ओल्डेनबर्गच्या दप्तराशीं ताडून पाहिली म्हणजे कळते. त्याचीं पत्रें टिकलीं. १९६५ ते १९८६ या काळांत तीं १३ खंडांत छापून निघालीं, म्हणून आज आपण त्यांच्याविषयीं बोलूं शकतों. आपल्या काळांतील नोंदी मात्र बहुधा परक्याच्या जागेंत लिहिलेल्या असतात. ‘जिओसिटीज’वर लाखों लोकांचीं पानें होतीं; २००९ सालीं मालकांनीं ती सेवा बंद केली. नानाविध ब्लॉग एके ठिकाणीं वाचण्याची ‘गूगल रीडर’ ही सोय जुलै २०१३ मध्यें संपली. ट्विटरवर वैद्य, शिक्षक, संशोधक यांचें मोठें बोलणें चाले. २०२२ सालीं त्याचा धनी बदलला, २०२३ सालीं नांवहि बदललें, आणि त्या बोलण्यांतील अनेक मंडळी पांगलीं. मर्सेनच्या खोलीचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. ठाणें उठलें तर दप्तराचें काय?

आपण सर्वच कांहीं गणिती नाहीं. परंतु रुग्णालयांत, शाळेंत, कचेरींत, कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येकापाशीं तो अपुरा भाग असतोच, आणि त्याला या इतिहासांतून चार गोष्टी घेतां येतील. नोंद लहान असावी आणि तिच्यावर तारीख असावी. जें समजलें नाहीं तें ‘समजलें नाहीं’ म्हणूनच लिहावें, कारण उत्तर त्यालाच येतें. जें आपलें नव्हे, म्हणजे रुग्णाचें नांव, विद्यार्थ्याची फजिती, अशिलाचें गुपित, तें कोणत्याहि मोहानें तेथें आणूं नये. आणि लिहिलेल्याची एक प्रत आपल्या घरीं, आपल्या हातांत ठेवावी. दुसऱ्याच्या कच्च्या विचाराला उत्तर देतांना रॉयल सोसायटीनें त्या कापडवाल्याला दाखविली तेवढी सभ्यता दाखविली, तर लिहिणारे पुढें येतील. शंका घ्यावी, पण ती घेतल्यावर आपणहि भिंगाला डोळा लावून पाहावें.